घाई आहे ना, ताई?

पोस्ट लांब आहे. ज्यांनी घर विकायला काढलंय किंवा आज ना उद्या आईवडिलांचं घर विकावं लागणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत डोंबिवली पूर्वेला एका इस्टेट एजंटच्या गाळ्यात बसले होते. त्याने चहा मागवला, कितवा मजला विचारलं, लिफ्ट आहे का विचारलं आणि मग पाण्याची वेळ विचारावी इतक्या सहज म्हणाला, "घाई आहे ना, ताई?"

मी म्हटलं, "हो, तीन महिन्यांत पैसे हातात पाहिजेत."

माझी पहिली चूक तिथेच झाली. पण खोटं तरी कसं बोलणार? घाई होतीच. आई ७४ वर्षांची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९९३ ची, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर चार महिने ती खाली उतरली नव्हती. भाजीवाल्याशी बोलणं खिडकीतून, पैसे दोरीला बांधलेल्या पिशवीतून. कल्याणला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टवाला वन बीएचके विकायला निघाला, तेव्हा आम्ही फार विचार न करता ३ फेब्रुवारीला दोन लाख विसार देऊन टाकला. उरलेली रक्कम ९० दिवसांत द्यायची, नाहीतर विसार गेला. आईचं घर विकल्याशिवाय ते पैसे येणार नव्हते. म्हणजे आमच्या गळ्यात घड्याळ बांधलेलं होतं आणि ते मी स्वतःच पहिल्या भेटीत समोरच्याला दाखवलं.

त्या पहिल्या एजंटने फ्लॅट बघितला आणि म्हणाला, "५८ लाखाला जाईल." आमच्या बिल्डिंगमधला सगळ्यात अलीकडचा व्यवहार ४५ चा होता, दुसऱ्या मजल्यावरचा. हे मला माहीत होतं. तरी ५८ ऐकल्यावर छान वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आईला सांगितलं, तीही खुश. दादाला इंदूरला फोन केला, तो म्हणाला, "अगं मग साठ सांग ना." असे आपण सगळे!

तीन आठवडे एक माणूस आला नाही. मग त्याचा फोन, "ताई, मार्केट डाऊन आहे. ४४ ला करून टाकू का? माझ्याकडे पार्टी आहे." नंतर दोन-चार जणांशी बोलल्यावर कळलं की ही जुनी पद्धत आहे. आधी मोठा आकडा सांगून घर आपल्या हातात घ्यायचं, मालकाला थोडं वाळत ठेवायचं, आणि तो घाईला आला की खरा आकडा काढायचा, खऱ्यापेक्षा जरा कमीच. जो एजंट पहिल्याच दिवशी खरा भाव सांगतो त्याला आपण काम देत नाही, हीही यातली दुसरी बाजू आहे.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. आणखी चार एजंटांना सांगितलं. मला वाटलं पाच जण धावतील तर लवकर विकलं जाईल. झालं काय, तर एकाच फ्लॅटच्या वेबसाइटवर पाच जाहिराती आल्या. पाच वेगवेगळे भाव, ४४ पासून ५५ पर्यंत, आणि फोटो तेच, आमच्या हॉलमधल्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोसकट. घर शोधणारा माणूस महिनाभर रोज त्या साइट बघत असतो. त्याला पहिल्यांदा काय वाटणार? एकतर मालकाची पैशाची काहीतरी अडचण आहे, नाहीतर घरात काहीतरी गडबड आहे. पाच जणांना सांगितल्यावर कोणीच मनापासून धावत नाही, कारण पाचातल्या चौघांना आपली मेहनत फुकट जाणार हे माहीत असतं.

या पाचातला एक जण मात्र खूप उत्साही होता. पस्तिशीतला, गोड बोलणारा, आईला "आजी, काही सामान आणायचंय का" विचारणारा. व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा नोंदणी क्रमांक. तो बघून मला हायसं वाटलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचं आहे. तो म्हणाला, "ताई, तुम्ही मला नेट रेट सांगा. तुमच्या हातात किती पडायला पाहिजेत तेवढंच सांगा. कमिशन तुमच्याकडून एक रुपया नको. वरचं मी बघतो."

ऐकायला किती सोयीचं! कमिशन नाही, घासाघीस नाही. आम्ही ४३ सांगितले. कल्याणचं घर, स्टँप ड्युटी, थोडं सामान, ४३ मध्ये बसत होतं.

आठ दिवसांत त्याने एक जोडपं आणलं. त्यांना घर आवडलं. पुढच्या रविवारी त्यातल्या बाई एकट्याच परत आल्या, स्वयंपाकघरात फ्रिज मावतो का बघायला. मापाची टेप घेऊन आल्या होत्या. मी तिथे नव्हते, आईने मला नंतर सांगितलं ते लिहिते. आईने चहा केला. गप्पा सुरू झाल्या. त्या म्हणाल्या, "काकू, साडेसत्तेचाळीस म्हणजे आमच्या बजेटच्या जरा बाहेरच जातंय, पण रोज लोकल गाठायची तर स्टेशन जवळ पाहिजे." आई म्हणाली, "अहो, साडेसत्तेचाळीस कुठले? आम्ही तर त्रेचाळीस सांगितलेत." मग दोघी गप्प. आई म्हणाली, चहा तसाच राहिला.

साडेचार लाखांचा फरक. वर खरेदीदाराकडून एक टक्का कमिशन वेगळं. शिवाय त्यांच्याकडून ५१ हजार टोकन घेऊन झालं होतं, "मालकांना दिलंय" असं सांगून. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग थेट त्यांच्याशीच व्यवहार करायचा ना. मीही त्याच संध्याकाळी फोन केला. पण त्या बाईंच्या नवऱ्याचा विश्वास उडाला होता. त्यांना वाटलं आम्ही आणि एजंट मिळून नाटक करतोय. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. टोकन परत मिळवायला त्यांना पंधरा दिवस लागले असं नंतर कळलं. आमचं म्हणाल तर ४७ च्या आसपास द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक गेलं आणि ९० दिवसांतले ४० संपले.

मी त्या एजंटला जाऊन विचारलं. तो चिडला नाही, ओशाळला पण नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही मागितले ते तुम्हाला मिळत होते ना? मग वरचं किती, हा माझा धंदा आहे." आणि पुढे जे म्हणाला ते लिहिणं मला भाग आहे, कारण त्यात तथ्य आहे. "मी दहा लोकांना घर दाखवतो. पेट्रोल माझं, फोन माझा. अकरावा येतो, जिन्यात मालकाला भेटतो, दोघं ठरवतात आणि मला म्हणतात कॅन्सल झालं. सहा महिन्यांनी नेमप्लेट बदललेली दिसते. मी कुणाकडे जायचं?"

हे खरं आहे. आपल्या ओळखीत असं केलेले लोक आहेत आणि ते ही गोष्ट फुशारकीने सांगतात, "दोन टक्के वाचवले." कमिशन चुकवणारा मालक आणि भाव लपवणारा एजंट, दोघं एकमेकांना घडवतात. कारण दोघांमध्ये कागद नाही. मुलाच्या शाळेच्या सहलीला आपण दोन ठिकाणी सह्या करतो, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू विकायला दिलेल्या माणसाशी आपला एका ओळीचाही लेखी करार नसतो.

आता त्या कार्डावरच्या नंबराबद्दल.

रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून. एजंटने नोंदणी केली पाहिजे, हिशेब ठेवले पाहिजेत, खोटी माहिती देता कामा नये, असं सगळं त्यात आहे. नोंदणी नसताना काम केलं तर रोज दहा हजार रुपये, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. चांगलंच झालं. पण कायद्याचं कलम ९ नीट वाचा. नोंदणीची सक्ती कुणाला आहे? नोंदणीकृत प्रकल्पातलं घर, जे प्रवर्तक म्हणजे बिल्डर स्वतः विकतोय, त्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याला. आईचं घर १९९३ च्या बिल्डिंगमधलं, विकणारी आई. म्हणजे या व्यवहारात मध्यस्थाला नोंदणीची गरजच नाही. त्याच्या कार्डावरचा नंबर खरा होता, पण तो नव्या टॉवरचे फ्लॅट विकण्यासाठीचा. माझ्या आईच्या घरासाठी त्या नंबराचा अर्थ जवळपास शून्य.

विचार करा, बिल्डरकडे वकील असतो, सीए असतो, विक्रीची आख्खी टीम असते. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एजंटवर कायदा आहे. आणि तिसऱ्या मजल्यावर अडकलेली ७४ वर्षांची विधवा आयुष्यात एकदाच घर विकते, तिच्या एजंटवर नाही. डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही जुन्या वस्तीत जा, बोर्ड लावलेल्या प्रत्येक गाळ्यात निम्मं काम या जुन्या घरांचंच चाललेलं दिसेल. रिसेल म्हणतात ते.

कुणी म्हणेल, कायदा अगदीच नाही असं कसं? बरोबर. १८७२ च्या करार कायद्यात एजन्सीवर अख्खं प्रकरण आहे. मालकाला अंधारात ठेवून एजंटने त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा केला, तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. एका वकील मैत्रिणीने मला ते कलम काढून दाखवलं आणि मग स्वतःच हसली. दिवाणी कोर्टात जायचं, मी त्याला एजंट नेमलं होतं हे सिद्ध करायचं, ते तोंडी, साक्षीला आई. आणि इथे मे महिन्यात विसार बुडणार. घाईत असलेल्या माणसाला कोर्ट हा पर्यायच नसतो, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

अजून एक गोष्ट, ती मला साडेचार लाखांपेक्षा जास्त लागली.

मार्चच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सहज आईला सांगितलं, "अहो, ते चष्म्याच्या दुकानवाले चौकशीला आले होते तुमच्या घराची, त्यांना विकलं गेलं म्हणून सांगितलं ना?" कोण चष्मेवाले? शोध घेतला. तरुण नवराबायको, मुसलमान, भाड्याने दोन गल्ल्या सोडून राहणारे. कर्ज आधीच मंजूर करून घेतलेलं. म्हणजे आम्हाला हवं होतं अगदी तसं गिऱ्हाईक. पाचातल्या एका एजंटने त्यांना परस्पर सांगितलं, फ्लॅट गेला. मी त्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "मॅडम, तुमच्या सोसायटीत चालणार नाही. मी तुमचाच त्रास वाचवला."

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "असा काही ठराव वगैरे नाही हो." थोडं थांबून, "पण लोक बोलतात." ठराव करताही येत नाही. सहकार कायद्याचं कलम २३ म्हणतं, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि धर्म हे कारण नाही. मग चालणार नाही हे ठरवलं कुणी? सोसायटीने नाही. मालकिणीने नाही. कमिशनवर काम करणाऱ्या एका माणसाने, दारात उभ्या असलेल्या दोघांचं नाव ऐकून.

आई हे ऐकून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझं घर, आणि मला विचारायचं पण नाही?" तिला धर्म वगैरेवर भाषण द्यायचं नव्हतं. तिच्या नावाने कुणीतरी कुणालातरी परत पाठवलं, आणि त्या दोघांना कायम वाटत राहणार की तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीने नाही म्हटलं, हे तिला सहन होत नव्हतं. मी त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी तोपर्यंत दुसरीकडे टोकन दिलं होतं. ते गृहस्थ फार शांतपणे म्हणाले, "सवय आहे, दीदी." मी चष्म्याची दांडी बसवून घेतली, पैसे घेतले नाहीत त्यांनी. मला अजून त्याची लाज वाटते.

भाव आमच्या नावाने सांगितला, टोकन आमच्या नावाने घेतलं, नकार आमच्या नावाने दिला. आणि तीनही वेळा आम्हाला कळलं ते चहा पिताना किंवा जिन्यात, योगायोगाने. मी जुन्या घरांच्या एजंटांना नोंदणी सक्तीची करा म्हणते ते एवढ्यासाठी.

तिसरा प्रकार मी थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. एकाने "कॅश पार्टी" आणली, २८ चेकने, बाकी रोख, आठ दिवसांत मोकळं. घाईत असलेल्या माणसाला हे फार गोड वाटतं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे आईला. शिवाय रेडी रेकनरपेक्षा फार कमी किंमत दाखवली तर तो हिशेब वेगळाच. नको म्हटलं.

एप्रिल उजाडला. आता माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका साठीच्या काकांचं नाव सुचवलं. छोटा गाळा, बोर्डाचा रंग उडालेला. ते घरी आले, तीन मजले चढले, पाणी प्यायले. मी त्यांना बेडरूम दाखवायला निघाले तर म्हणाले, "बसा हो ताई. आधी फाईल दाखवा, किचन नंतर बघू."

त्या दीड तासात मला कळलं की आमचं घर विकलं का जात नाही. गिऱ्हाईक मिळत नव्हतं हे खरं कारण नव्हतंच. घर विकण्याच्या स्थितीतच नव्हतं! बाबा २०१८ मध्ये गेले, शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर. आई नॉमिनी होती म्हणून आम्ही समजत होतो घर तिचं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस आम्ही तिघं. दादाने आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवायचं, मग सोसायटीत आईच्या नावावर सर्टिफिकेट, मग विक्री. बाबांनी १९९९ मध्ये घर पहिल्या मालकाकडून घेतलं होतं. तो करार होता, पण बिल्डर आणि पहिल्या मालकातला १९९३ चा मूळ करार आमच्याकडे फक्त झेरॉक्स. खरेदीदार कर्ज काढणार असेल तर बँक ही सगळी साखळी मागते. मूळ प्रत हरवली असेल तर पोलिसांत तक्रार, पेपरात वकिलाची जाहीर नोटीस, हरकतींसाठी दिवस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत. बाबांचं जुनं कर्ज फिटून बारा वर्षं झालेली, बँकेचं "काही येणे नाही" पत्र कुठे? आणि तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का?

आमच्या भागात तर हे सगळं आता जास्तच बघतात. बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण झाल्यापासून माणूस टाइल्स बघायच्या आधी कागद बघतो, आणि योग्यच करतो.

काकांनी यादी लिहून दिली, आणि दुसरा एक कागद काढला. छापील, एक पान. दोन महिने फक्त त्यांच्याकडेच काम. मागायचा भाव ४८, खालची मर्यादा आम्ही ठरवलेली. कमिशन आमच्याकडून एक टक्का, खरेदीदाराकडूनही एक टक्का घेणार हे त्यात लिहिलेलं. येणारी प्रत्येक ऑफर, कितीही कमी असली तरी, त्याच दिवशी आम्हाला कळवायची. त्यांनी आणलेल्या माणसाशी आम्ही परस्पर व्यवहार केला तरी कमिशन द्यायचं. मी पेनने एक ओळ वाढवली: कुणालाही आम्हाला विचारल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

दादा एका दिवसासाठी इंदूरहून आला आणि गेला. नोटीस आली, प्रत आली. या धावपळीत मी सोसायटीशीही भांडले. कमिटीने ट्रान्सफरचे एक लाख मागितले, "बिल्डिंग फंड" म्हणून. २००१ पासून शासनाचं परिपत्रक आहे, हस्तांतरणाचं अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार. परिपत्रकाची प्रत दिल्यावर २५ वर आले, पण तीन आठवडे खाल्ले. आणि सोसायटीची एनओसी घर विकायला लागतच नाही, आदर्श उपविधीतच तसं लिहिलंय. बँक मागते म्हणून आपण मागतो, आणि आपण मागतो म्हणून ते अडवतात.

९० दिवसांचे १२२ झाले. कल्याणच्या मालकाने मुदत वाढवून दिली, पन्नास हजार जास्त घेऊन. घर ४६ लाख ५० हजारांना गेलं. कमिशन वजा करूनही नेट रेटवाल्या ४३ पेक्षा तीन लाख जास्त.

आता माझं म्हणणं. जुनी घरं विकणाऱ्या एजंटांना नोंदणीच्या कक्षेत आणा, मग ते महारेराकडे असो की नोंदणी विभागाकडे, मला फरक पडत नाही. मालक आणि एजंट यांच्यात एक पानी लेखी नेमणूक सक्तीची करा. आणि विक्रीच्या दस्तात एजंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि दोन्ही बाजूंकडून घेतलेलं कमिशन लिहायला लावा. दस्तात आपण बाथरूमचं क्षेत्रफळ लिहितो, चेक नंबर लिहितो, साक्षीदारांचे आधार जोडतो. फक्त ज्याने व्यवहार जुळवला तो माणूस त्या कागदात कुठेच नसतो. तो दस्तात आला की नेट रेट आपोआप अवघड होईल, कारण खरेदीदार आणि विकणारा एकाच टेबलावर एकच आकडा वाचतील. आणि ज्याचं कमिशन बुडतं त्या एजंटच्या हातातही कागद येईल. चांगले एजंट याला विरोध करतील असं मला वाटत नाही.

नोंदणीने सगळं सुधारेल असं मी म्हणत नाही. त्या ६५ इमारतींनाही नंबर होताच. पण नंबर असेल तर तक्रार करायला निदान दार असतं. आज रिसेलमध्ये ते दारच नाही. परीक्षा, प्रशिक्षण, दंड, सगळं तयार आहे, फक्त ते बिल्डरच्या विक्रीपुरतं आहे. विस्तार करायला केंद्राचा कायदा बदलावा लागेल म्हणतात. बदला मग. आमदार-खासदारांच्या ऑफिसात जुन्या बिल्डिंगच्या पुनर्विकासासाठी रोज रांग असते, त्यात एखादं निवेदन याचं पण द्या. मी दिलंय. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

तोपर्यंत जे घर विकणार आहेत त्यांना एवढंच सांगेन की फाईल आजच काढा, घर विकायचं नसलं तरी. कोणाच्या नावावर काय आहे बघा. आणि "घाई आहे ना" विचारलं की म्हणा, "योग्य भाव आला की विकू."

दस्त नोंदवायला आम्ही दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात बसलो होतो, अंगठे आणि फोटोची वाट बघत. आईला खुर्चीवरून तीन मजले खाली आणलं होतं, दादाने आणि वॉचमनने धरून. पाच महिन्यांनी रस्त्यावर आली म्हणून ती येता-जाता प्रत्येक दुकानाकडे बघत होती. खरेदी करणारी मुलगी तिच्या शेजारी बसली होती, नर्स आहे ती. मी तिला उघडच विचारलं, "तुझ्याकडून किती घेतलं गं काकांनी?" ती म्हणाली, "एक टक्का. तुमच्याकडूनही एकच घेणार म्हणून सांगितलं होतं त्यांनी." काका पलीकडे पेपर वाचत होते. मग आईने तिला पाण्याच्या वेळा लिहून दिलेला कागद पर्समधून काढून दिला आणि सांगितलं, सोमवारी कधीकधी येत नाही, बादली भरून ठेवत जा.